हळदीपासून सुरुवात

टी.वाय.बी.एस्सी.च्या मुलांना रासायनिक माहिती शोधायला शिकवताना मी सुरुवात हळदीपासून करते. सर्च इंजिनवर ‘कर्क्युमिन’ (हळदीतलं पिवळं रसायन) टाकलं की आधी कॅप्सूलच्या जाहिराती दिसतात. म्हणून थेट पबकेम (रसायनांच्या माहितीचा ऑनलाइन संग्रह) उघडा आणि सीएएस क्रमांक (रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) द्या: ४५८-३७-७.

क्रमांक आधी कागदावर तपासा. शेवटचा अंक सोडून उजवीकडून डावीकडे १, २, ३, ४, ५ ने गुणत जा: ७+६+२४+२०+२०=७७. बेरजेचा एकक ७, आणि शेवटचा अंकही ७. जुळलं नाही तर लिहिताना चूक झालीय. इथे मुलांचे चेहरे उजळतात, तासातला माझा सगळ्यात आवडता क्षण.

खरी गोम पुढे आहे. कर्क्युमिनच्या कीटो आणि ईनॉल रूपांच्या (एकाच रेणूत हायड्रोजनची जागा बदलून होणारी दोन रूपं) नोंदी वेगवेगळ्या आहेत. दोन्ही रचना शेजारी ठेवून बघा, मगच ठरवा. घाईत पहिली नोंद उचलू नका.

मग एक्सेलमध्ये नोंदवा: इनची-की (रेणूच्या रचनेवरून बनणारा अक्षरी संकेत), रेणुभार ३६८.४, स्रोत, पाहिल्याची तारीख. सीएएसचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर पॅलॅडियमच्या ७४४०-०५-३ ची तारीख होऊन बसते. शोधनिबंध झोटेरोत (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) ठेवा. पुण्यात पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) प्रोजेक्टला जाणार असाल, तर ही फाइल पहिल्या दिवशीच सोबत न्या.