इलिनॉयच्या १८३६-३७ च्या अधिवेशनावर लिहिताय? या चुका टाळा

अब्राहम लिंकन यांच्यावर मराठीत भरपूर लिहिले जाते, पण इलिनॉय राज्याच्या विधिमंडळातली त्यांची वर्षे बहुधा दोन-तीन वाक्यांत उरकली जातात आणि नेमक्या त्याच वाक्यांत गफलती होतात. सर्वाधिक घोळ होतो तो दहाव्या विधिमंडळाच्या अधिवेशनाबद्दल. ते ५ डिसेंबर १८३६ ते ६ मार्च १८३७ या काळात व्हँडेलिया गावात भरले. राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला हलवण्याचा निर्णय, राज्याला कर्जात लोटणारी रेल्वे-कालव्यांची योजना आणि गुलामगिरीवर लिंकन यांनी नोंदवलेले पहिले जाहीर मत, या तिन्ही गोष्टी त्या तीन महिन्यांतल्या. म्हणून हे अधिवेशन घाईत उरकण्यासारखे नाही.

सन आणि सभासदांची नावे जुळत नाहीत

तेव्हा निवडणूक सम वर्षाच्या ऑगस्टमध्ये व्हायची, अधिवेशन डिसेंबरात सुरू होऊन पुढच्या वर्षात जायचे. त्यामुळे ‘१८३७ साली निवडून आले’ असे कुठे दिसले तर थांबून तपासा. लिंकन १८३२ मध्ये हरले, १८३४ मध्ये पहिल्यांदा निवडून आले, आणि १८३६ ची ही त्यांची दुसरी खेप.

दोन याद्यांत वेगवेगळी नावे असतील तर दोन्ही बरोबर असू शकतात. जुलै १८३७ मध्ये याच विधिमंडळाचे विशेष अधिवेशन झाले आणि तोवर काही जागा बदलल्या होत्या. सँगमन कौंटीचे (कौंटी म्हणजे जिल्हा) डॅन स्टोन न्यायाधीश झाले, त्यांच्या जागी एडवर्ड बेकर आले. पुढे लिंकन यांचे मोठे प्रतिस्पर्धी ठरलेले स्टीफन डग्लस हिवाळ्यात सभागृहात होते, पण त्याच वर्षी स्प्रिंगफील्डच्या सरकारी जमीन कचेरीत पद स्वीकारून ते बाहेर पडले. यादी कोणत्या महिन्याची आहे, हे आधी पाहा.

खिडकीतून उडी व्हँडेलियात मारलेली नाही

गणपूर्ती मोडण्यासाठी लिंकन यांनी खिडकीतून उडी मारली, हा किस्सा व्हँडेलियाच्या जुन्या विधानभवनाच्या छायाचित्रासह सर्रास फिरतो. उडी खरी, जागा आणि साल चुकीचे. ती घटना डिसेंबर १८४० ची, राजधानी स्प्रिंगफील्डला गेल्यानंतरची. तेव्हा नवे विधानभवन अपुरे होते आणि सभागृह एका चर्चच्या इमारतीत भरत होते. स्टेट बँकेला नोटांच्या बदल्यात नाणी देण्यापासून मिळालेली सूट अधिवेशन संपताच संपणार होती, म्हणून लिंकन यांच्या व्हिग पक्षाच्या सभासदांना ते तहकूब होऊ द्यायचे नव्हते. उडीचा उपयोग काहीच झाला नाही, कारण तोवर त्यांची हजेरी लागून गेली होती.

राजधानी सौदेबाजीने मिळाली, असे ठामपणे लिहू नका

ही चूक सर्वांत खोल रुजलेली आहे. स्प्रिंगफील्ड ज्या सँगमन कौंटीत होते, तिचे लिंकन धरून सात प्रतिनिधी आणि दोन सिनेटर, असे नऊ जण सरासरी सहा फूट उंचीचे, म्हणून त्यांना ‘लाँग नाइन’ म्हणत. सांगितले जाते असे की प्रत्येक कौंटीला रेल्वे नाहीतर कालवा देऊन या नऊ जणांनी स्प्रिंगफील्डसाठी मते गोळा केली. हा आरोप त्या काळातच झाला. व्हँडेलियाचे प्रतिनिधी विल्यम ली डी. यूइंग यांनी तो जुलैच्या विशेष अधिवेशनात केला आणि लिंकन यांनी त्याला भर सभागृहात उत्तर दिले. पुढे चरित्रकारांनी तो जवळजवळ वस्तुस्थिती म्हणून उचलला.

नंतर अभ्यासकांनी सभागृहाच्या अधिकृत नोंदवहीतली एकेक मतनोंद पडताळली, तेव्हा हे नऊ जण योजनेच्या मतदानांत नेहमी एकगठ्ठा उभे राहिलेले दिसले नाहीत. स्प्रिंगफील्डच्या बाजूने साधी कारणेही होती. लोकवस्ती राज्याच्या मध्य आणि उत्तर भागाकडे सरकत होती, व्हँडेलिया दक्षिणेत पडत होते, आणि सँगमनचे सभासद इतर कोणत्याही कौंटीपेक्षा जास्त होते. २८ फेब्रुवारी १८३७ रोजी चौथ्या फेरीत स्प्रिंगफील्डला ७३ मते पडून निकाल लागला. राजधानी हातची जाऊ नये म्हणून व्हँडेलियाच्या लोकांनी १८३६ च्या उन्हाळ्यात घाईघाईने नवे विधानभवन उभारले होते. ते आजही उभे आहे. थोडीफार देवघेव झालीच नसेल असे मी म्हणणार नाही, विधिमंडळात ती होतेच. पण ‘रेल्वे दिली, राजधानी घेतली’ असे सरळ समीकरण मांडायला पुरावा पुरत नाही.

‘लिंकन यांनी राजधानी आपल्या गावी नेली’ हेही काळजीपूर्वक लिहा. मतदानाच्या वेळी ते न्यू सेलमचे रहिवासी होते, स्प्रिंगफील्डला राहायला गेले एप्रिलमध्ये.

कर्जाचा दोष एका माणसावर टाकू नका

सुमारे १ कोटी डॉलरच्या त्या योजनेला लिंकन यांचा जोरदार पाठिंबा होता, हे झाकायचे कारण नाही. पण सभागृहात बहुमत डेमोक्रॅट पक्षाचे होते, अध्यक्ष जेम्स सेंपल त्याच पक्षाचे, आणि डग्लस यांनाही रेल्वे-कालवे हवेच होते. गव्हर्नर व्हिटो वापरून योजना रोखू शकले असते, असेही काही जण लिहितात. १८१८ च्या राज्यघटनेत एकट्या गव्हर्नरकडे तो अधिकार नव्हता. गव्हर्नर आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मिळून एक पुनरीक्षण मंडळ असे, आणि त्याने परत पाठवलेले विधेयक दोन्ही सभागृहे एकूण सभासदांच्या साध्या बहुमताने पुन्हा मंजूर करू शकत. इथे तसेच झाले. मे १८३७ मध्ये देशभर आर्थिक संकट कोसळले आणि एवढ्या आराखड्यातून मेरेडोशिया ते स्प्रिंगफील्ड असा रेल्वेचा एक तुकडा काय तो धावला.

३ मार्चचा निषेध अर्धाच सांगू नका

जानेवारीत प्रतिनिधिगृहाने गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संघटनांचा धिक्कार करणारे ठराव ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केले. विरोधातल्या सहांत लिंकन होते. ३ मार्चला त्यांनी आणि स्टोन यांनी स्वतंत्र निषेध नोंदवला: गुलामगिरीचा पाया अन्यायाचा आहे आणि ती वाईट धोरणातून उभी आहे. एवढेच उद्धृत करून थांबलात तर वाचकाची दिशाभूल होते, कारण लगेच पुढे ते म्हणतात की निर्मूलनाच्या प्रचाराने गुलामगिरीचे दुष्परिणाम घटण्याऐवजी वाढतात, आणि राज्यांमधल्या गुलामगिरीत हात घालण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नाही. दोन्ही भाग एकत्र वाचल्याशिवाय अठ्ठावीस वर्षांचा तो लिंकन कळत नाही. ज्या राज्यात मतदानाचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना होता, तिथे हे लेखी नोंदवणेही थोडके नव्हते. आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर लागलेले ‘हेडमास्तरांना पत्र’ लिंकन यांचे असल्याचा पुरावा नाही. हा निषेध मात्र त्यांच्या सहीने नोंदवहीत आहे. उद्धृत करायचे तर हे करा.

भाषणे नोंदवहीत शोधू नका

नोंदवहीत प्रस्ताव, ठराव आणि मते सापडतात, भाषणे शब्दशः सापडत नाहीत. ती वर्तमानपत्रांतून येतात आणि तिथे पक्ष बघावा लागतो. स्प्रिंगफील्डचे ‘सँगमो जर्नल’ व्हिगांचे, व्हँडेलियाचे ‘इलिनॉय स्टेट रजिस्टर’ डेमोक्रॅटांचे. एकाच भाषणाची दोन वर्णने जुळली नाहीत तर दोन्ही द्या, वर्तमानपत्राच्या नावासह. व्हिगांना मात्र ‘रिपब्लिकन’ लिहू नका, तो पक्ष १८५४ पर्यंत जन्मलाच नव्हता.

आजचा नकाशा वापरू नका

न्यू सेलम आज मेनार्ड कौंटीत दाखवतात, म्हणून लिंकन मेनार्डचे प्रतिनिधी होते असे कोणी कोणी लिहून जाते. मेनार्ड कौंटी १८३९ मध्ये सँगमन तोडून झाली, त्याच वर्षी लोगनही. १८३६ ची सँगमन कौंटी आजच्यापेक्षा बरीच मोठी होती. सभासदांची गावे शोधताना १८३९ पूर्वीच्या सीमा दाखवणारा नकाशाच समोर ठेवा.