स्प्रिंकलरमधलं पाणी गोठण्याआधी

शिकागो किंवा मिनेसोटाकडे राहत असाल आणि लॉनला जमिनीखालून स्प्रिंकलर असतील, तर ऑक्टोबरमध्येच पाइप रिकामे करा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप, व्हॉल्व्ह फुटतात. कळतं मात्र वसंतात, नळ सोडल्यावर.

मुख्य नळ बंद करून कॉम्प्रेसरच्या हवेने एकेक झोन, म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणारा स्प्रिंकलरचा गट, फुंकायचा. दर झोनला गॅरेजमधल्या कंट्रोलरकडे धावण्यापेक्षा होम असिस्टंटमध्ये (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) स्क्रिप्ट करून ठेवा: प्रत्येक झोन २ मिनिटं, मग पुन्हा एक फेरी. पुढचा झोन उघडल्यावर ५ सेकंदांनीच आधीचा बंद होऊ द्या. कॉम्प्रेसर चालू आणि सगळे व्हॉल्व्ह बंद, असं क्षणभरही होता कामा नये, दाब तुंबतो. म्हणून शेवटचा झोन आपोआप बंद करू नका. आधी कॉम्प्रेसर थांबवा, मग तो झोन हाताने बंद करा. काही कंट्रोलर एका वेळी एकच झोन उघडतात. तिथे झोन बदलताना हवा थांबवावीच लागते.

दाब पॉलिथिलीन पाइपला ५० आणि पीव्हीसीला ८० पीएसआयच्या आत ठेवा. डोळ्यांवर गॉगल हवाच.

रात्रीचं तापमान २ अंश सेल्सिअसखाली जाण्याचा अंदाज आला की फोनवर सूचना येईल, अशी सोयही होम असिस्टंटमध्येच करा.