बांधावरची झाडझुडपे काढण्यापूर्वी : सोलापूर जिल्ह्यासाठी फाल्गुन-चैत्राचा सल्ला

रब्बी ज्वारीची काढणी आटोपली आणि कडब्याच्या गंजी लागल्या, की आपल्याकडे बांध साफ करण्याचे काम निघते. लिंब (कडुलिंब)-बाभळीचे सरपण होते, झुडपे ग्रासकटरने उतरवली जातात आणि खाली उरलेला पाला पेटवून दिला जातो. (बांधाचा वाद असेल तर पहिली कुऱ्हाड झाडावरच पडते, तो भाग वेगळा.) हे सारे नेमके पारा चाळिशीकडे चढत असताना आणि आंबे बहाराच्या (म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) डाळिंबाची फळे वाढत असताना होते, म्हणून काय काढायचे आणि काय ठेवायचे, हे कोयता हाती घेण्यापूर्वी ठरवावे.

जंगलाचा एखादा तुकडा मोकळा केला, की तिथली जमीन दिवसा जास्त तापते, रात्री जास्त निवते आणि हवेतला ओलावा घटतो. हा फरक तोडलेल्या जागेपुरता राहत नाही, तर कडेच्या उभ्या झाडांतही काही अंतर आत शिरतो. सावली जाते हे एक कारण, पण पानांतून होणारे बाष्पीभवन थांबते हे दुसरे कारणही तितकेच मोठे आहे : एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढ्या उष्णतेत वीस अंशांचे सुमारे सात लिटर पाणी उकळीला येईल. लिंबाची मुळे खोल असल्याने ऐन उन्हाळ्यातही तो हे काम करत राहतो.

बांधाचेही असेच आहे. पश्चिमेचा बांध एकदम उघडा केला, की त्याला लागून असलेल्या डाळिंबाच्या ओळींवर दुपारचे ऊन थेट येते आणि सावलीत वाढलेल्या फळांच्या त्या अंगाला आठवडाभरात तपकिरी, कडक चट्टे दिसू लागतात. तोड आधीच झाली असेल तर त्या ओळींना पश्चिमेकडून शेडनेट बांधावे किंवा फळांवर केओलिनची (पांढऱ्या मातीच्या भुकटीची) फवारणी घ्यावी.

वाऱ्याचा हिशेब मात्र थोडा वेगळा आहे. वीस फूट उंचीच्या झाडांच्या रांगेमुळे वाऱ्याचा जोर आडोशाच्या बाजूला साधारण दोनशे फुटांपर्यंत कमी झालेला जाणवतो. पण रांग भिंतीसारखी दाट असेल तर वारा वरून उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा आपटतो, तेव्हा निम्मा वारा गाळून जाऊ देणारी रांग सर्वांत चांगली. रांगेच्या मधलेच एखादे झाड काढू नये, कारण त्या खिंडारातून वारा अधिक वेगाने घुसतो. दाट आडोशात पावसाळ्यात दमटपणा कोंडतो आणि डाळिंबावरच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगाला वाव मिळतो, हेही खरे. त्यासाठी झाड न तोडता जून लागण्यापूर्वी गर्दीच्या फांद्या विरळ कराव्यात. सावलीने आणि मुळांनी बांधालगतच्या ज्वारीच्या दोन-चार ओळी मार खातात, ही तक्रार रास्त आहे. तिच्यावर बांधाच्या कडेने दोन-अडीच फूट खोल चर काढून वरवरची मुळे तोडणे हा कुऱ्हाडीपेक्षा स्वस्त उपाय आहे.

झाडाखालच्या थराकडे सहसा कोणी पाहत नाही. दुपारी दोन वाजता लिंबाखालच्या पाल्याखाली हात घालून पाहावा आणि मग तणनाशकाने उघड्या पडलेल्या काळ्या रानावर तोच हात टेकवावा. तिथे तो टिकत नाही, आणि जवळच भेगा पडू लागलेल्या असतात, ज्यांतून खालची ओलही उडून जाते. अर्थात गवतही पाणी पिते, त्यामुळे ठिबकच्या ओल्या पट्ट्यात आणि नव्या रोपाभोवती हातभर आळे स्वच्छच ठेवावे. दोन ओळींमधले गवत मात्र मुळासकट न काढता चार बोटे ठेवून कापावे आणि जागीच पसरावे. गाजर गवताला ही सवलत नाही. ते फुलोऱ्यापूर्वीच उपटावे.

लिंबाची पानगळ याच दिवसांत होते. तो पाला पेटवू नये. ज्वारीच्या धसकटांबरोबर डाळिंबाखाली तीन-चार इंचांचा थर द्यावा, मात्र वाळवीच्या भीतीने खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडावी.

इतके करूनही झाड काढणे भागच असेल, तर सगळी रांग एका हंगामात न काढता पूर्वेकडून सुरुवात करावी आणि पश्चिमेची बाजू शेवटी घ्यावी. आंबा, चिंच, जांभूळ यांसारख्या झाडांना राज्याचा १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागू आहे. झाड स्वतःच्या रानात असले तरी आधी परवानगी घ्यावी लागते.