जुन्या मॅकवर नको असलेला प्रोसेसर-कोड काढताय? या चुका टाळा

आयबुक जी४ हा ॲपलचा जुना, पॉवरपीसी प्रोसेसरचा लॅपटॉप. त्याची डिस्क बऱ्याचदा ४० जीबीचीच. त्यावर टायगर किंवा लेपर्ड (मॅक ओएस एक्स १०.४ किंवा १०.५) टाकलं की जागेची ओढाताण लगेच सुरू होते. मग कुणीतरी सुचवतं, की २००६ मध्ये इंटेल मॅक आल्यापासूनची बरीच ॲप युनिव्हर्सल आहेत, एकाच फाइलमध्ये पॉवरपीसीचा आणि इंटेलचा असे दोन्ही कोड आहेत, तर इंटेलचा काढून टाक. सल्ला चुकीचा नाही. पण त्यापुढे लोक एकच प्रश्न विचारतात, "माझा प्रोसेसर कोणता?" खरं तर विचारायला हवं, "ही फाइल कोण लोड करतं?" खालच्या बहुतेक चुका या एका फरकातून होतात.

प्रोसेसर ६४-बिट, म्हणून ३२-बिट कोड उडवणं

सगळ्यात जास्त मशीन या चुकीने बंद पडतात. समजा २००७ चं मॅकबुक आहे, कोअर टू ड्युओ, वर स्नो लेपर्ड (१०.६). प्रोसेसर ६४-बिट आहे हे बरोबर. म्हणून साफसफाईच्या ॲपमध्ये आय३८६, म्हणजे ३२-बिट इंटेल कोड, काढण्याची खूण केली, पासवर्ड दिला आणि अख्खी डिस्क छाटून घेतली. पण स्नो लेपर्डमध्ये बहुतेक मॅकवर कर्नल (सिस्टिमचा गाभा) मुळात ३२-बिटच चालतो, प्रोसेसर ६४-बिट असला तरी. ३२-बिट कर्नलला ३२-बिट ड्रायव्हर लागतात, आणि नेमका तोच भाग सिस्टिममधल्या एक्स्टेन्शन फोल्डरमधून गेलेला असतो.

दगा असा, की मशीन लगेच बंद पडेलच असं नाही. ड्रायव्हरची एक कॅश (तयार साठवलेली प्रत) असते आणि बूट त्या कॅशवरून होतो. फोल्डरच्या आत खोलवरच्या फाइली बदलल्या तरी खुद्द फोल्डरची तारीख बदलत नाही, त्यामुळे कॅश जुनीच राहते. चार-दोन दिवस सगळं सुरळीत वाटतं. मग एखादा अपडेट त्या फोल्डरला हात लावतो, कॅश नव्याने बनते आणि पुढच्या बूटला राखाडी पडद्यावर आडव्या रेघेचं वर्तुळ दिसतं. कमांड आणि व्ही दाबून सुरू केलं तर कर्नल रूट डिव्हाइसची (सिस्टिम असलेल्या डिस्कची) वाट पाहत थांबलेला दिसतो. तोवर छाटणी विसरलेली असते, त्यामुळे दोष अपडेटला नाहीतर हार्ड डिस्कला दिला जातो आणि चांगली डिस्क बदलली जाते.

इथे इलाज एकच: इन्स्टॉल डीव्हीडीवरून सी दाबून बूट करा आणि सिस्टिम पुन्हा बसवा. लेपर्ड किंवा टायगर असेल तर 'अर्काइव्ह अँड इन्स्टॉल' निवडा, युजरच्या फाइली राहतात. डीव्हीडी हाताशी नसेल तर छाटणी सुरूच करू नका.

माझा नियम ठरलेला आहे: सिस्टिम फोल्डर, लायब्ररी फोल्डर आणि युनिक्सचे लपलेले फोल्डर यांना हात लावायचा नाही. छाटायची ती फक्त ॲप्लिकेशन्स फोल्डरमधली, आपण स्वतः बसवलेली ॲप.

इंटेल मॅकवर पॉवरपीसी कोड निरुपयोगी समजणं

स्नो लेपर्डपर्यंत रोझेटा (इंटेल मॅकवर पॉवरपीसी ॲप चालवणारी सोय) आहे, आणि रोझेटाखाली चालणारं जुनं ॲप सिस्टिमच्या फ्रेमवर्कमधला (अनेक ॲप मिळून वापरतात त्या कोडमधला) पॉवरपीसी भागच वापरतं. तो काढला, की जुनं ॲप डॉकमध्ये एकदा उसळी मारून गायब होतं.

प्लग-इन वेगळे छाटणं

प्लग-इनचा कोड यजमान ॲपच्या कोडशी जुळावा लागतो. प्रिंटरच्या ड्रायव्हरमधून आय३८६ काढला तर ३२-बिट ॲपच्या प्रिंट खिडकीतले त्या प्रिंटरचे खास पर्याय जातात. क्विकटाइमचे जुने कोडेकही (व्हिडिओ उलगडणारे भाग) ३२-बिटच. ६४-बिट प्लेअर त्यांच्यासाठी मागे एक ३२-बिट प्रक्रिया चालवतो.

वेग वाढेल म्हणून छाटणं

वाढत नाही. फाइल उघडताना आपल्या प्रोसेसरचाच भाग मेमरीत येतो, दुसरा डिस्कवर पडून असतो. मग छाटल्यावर मशीन हलकं झाल्यासारखं का वाटतं? ५१२ एमबी रॅमच्या मशीनवर डिस्क काठोकाठ भरलेली असते, स्वॅप फाइलला (रॅम कमी पडली की सिस्टिम डिस्कवर वापरते ती फाइल) जागा उरत नाही. जागा मोकळी झाली की ती अडचण सुटते. तीच जागा न वापरलेले प्रिंटर ड्रायव्हर, गॅरेजबँडचे लूप आणि नको असलेल्या भाषा काढून मिळते, तीही कितीतरी जास्त आणि कमी धोक्यात. आधी ते काढा.

चालू फाइलवरच लायपो चालवणं

डेव्हलपर टूल्सबरोबर येणारी लायपो ही प्रोसेसरनुसार कोडचे भाग वेगळे करणारी आज्ञा उत्तम आहे, पण घाई करणाऱ्यांच्या हातात नुकसान करते. मॅकच्या जुन्या फाइलींना दोन भाग असतात, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. तिला फक्त डेटा फोर्क समजतो. जुन्या, कार्बन पद्धतीने लिहिलेल्या ॲपची चित्रं आणि मेनू रिसोर्स फोर्कमध्ये असतील तर नव्या फाइलमध्ये ते येत नाहीत. शिवाय नवी फाइल तुमच्या नावावर होते, मूळ मालकी जाते. इंटरनेटवरून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये तर लायपो अपयशी ठरली हे तपासलेलंही नसतं. तात्पुरत्या फाइलचं नाव एकच असेल तर मागच्या ॲपचा कोड पुढच्या ॲपवर जाऊन बसतो.

त्यामुळे ॲपसाठी मी डिटो ही कॉपी करणारी आज्ञा वापरते. ती सिस्टिमबरोबरच येते, टायगरपासून रिसोर्स फोर्क आपोआप सांभाळते आणि मूळ ॲपला न दुखवता छाटलेली नवी प्रत बनवते. क्रम असा:

१. ॲप बंद करा. पॅकेज उघडून कन्टेंट्समधल्या मॅकओएस फोल्डरातल्या मुख्य फाइलवर लायपो 'डिटेल्ड इन्फो' पर्यायाने चालवा. प्रत्येक भागाचा आकार बाइटमध्ये कळतो. वाचणारी जागा पाच-सहा एमबी असेल तर सोडून द्या.

२. जी४ साठीचा भाग काही ॲपमध्ये 'पीपीसी' नावाने असतो, काहींत 'पीपीसी७४००' नावाने. लायपोला चुकीचं नाव दिलं तर ती असा भागच नाही म्हणून थांबते. इथे जबरदस्ती करू नका, दिसतं तेच नाव द्या.

३. डिटोला आर्क पर्यायात हवा तो प्रोसेसर, मग मूळ ॲप, मग नव्या प्रतीचं वेगळं नाव द्या. नंतर फ्रेमवर्क आणि प्लग-इन फोल्डरांतल्या फाइलीही लायपोने तपासा.

४. नवी प्रत नुसती उघडून समाधान मानू नका. फाइल उघडा, सेव्ह करा, प्रिंट खिडकी आणा, प्रेफरन्सेस उघडा. बरेच भाग गरज पडेल तेव्हाच लोड होतात. बिघाड असेल तर कन्सोल या सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या ॲपमध्ये 'राँग आर्किटेक्चर' अशी नोंद सापडते.

५. मूळ ॲप आठवडाभर दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्याची इन्स्टॉल इमेज मात्र कायमची जपा. जुन्या पॉवरपीसी ॲपची मूळ पानं बंद होत चालली आहेत, आणि जी अजून आहेत त्यातली बरीच टायगरचा ब्राउझर नव्या सुरक्षा-प्रमाणपत्रांमुळे उघडू शकत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

२००६ च्या पहिल्या इंटेल मॅकमधला कोअर ड्युओ ३२-बिट आहे, तिथे एक्स८६-६४ (६४-बिट इंटेल कोड) ठेवून आय३८६ काढलं तर ॲप उघडणारच नाही.

दोन मॅकमध्ये एकच बाहेरची बूट डिस्क फिरत असेल तर छाटणी नको.

काही ॲप सुरू होताना स्वतःची फाइल तपासतात आणि बदल दिसला की उघडत नाहीत. त्यांची मूळ प्रत परत ठेवा.

फरकापुरता अपडेट छाटलेल्या ॲपवर बसत नाही. पूर्ण आवृत्ती उतरवून पुन्हा छाटा.

सगळी ॲप एका रात्रीत छाटू नका. दिवसाला एक, मोठ्यापासून सुरुवात. बिघडलं तर कोणत्या ॲपमुळे ते लगेच कळतं.