व्हिडिओ कॉलवर पत्त्यांची जादू: कॅट प्रेक्षकांच्या हातात द्या

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात बसून पुण्याची मावशी, न्यू जर्सीतला भाचा आणि शेजारचे गुजराती काका-काकू यांना एकाच कॉलवर जादू दाखवायची असेल, तर हातचलाखीचा नाद आधी सोडा. हात चौकटीबाहेर गेला किंवा चित्र क्षणभर अडकले की बघणाऱ्याला वाटते, काहीतरी तिथेच झाले. असा संशय एकदा आला की खेळ संपला. प्रेक्षकाने स्वतःच्या घरी, स्वतःच्या पत्त्यांनी, स्वतःच्या हातांनी केलेल्या जादूवर मात्र संशय घ्यायला जागाच उरत नाही.

वेळ आणि मांडणी

बडोद्यात रात्रीचे ९ म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे ११.३० आणि हिवाळ्यात १०.३०. नवरात्रीच्या नऊ रात्री आणि १४-१५ जानेवारी टाळा. उत्तरायणाला गच्च्यांवरच्या स्पीकरपुढे तुमचा आवाज कुणापर्यंत पोचणार नाही. झूमच्या फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांत बंद होते, त्यामुळे दोनच खेळ ठेवा. पत्ते शोधण्यात पाच-सात मिनिटे जातातच.

फोन टेबलापासून साधारण ४० सेंटिमीटर उंचीवर, खाली तोंड करून बसवा. पत्त्यांखाली गडद, एकरंगी कापड घाला. ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर प्लास्टिकच्या पत्त्यांवर पांढरा पट्टा चमकतो आणि आकडा दिसत नाही. दिवा बाजूला घ्या. आभासी पार्श्वभूमी बंद ठेवा, नाहीतर हातातल्या पत्त्याच्या कडा गायब होतात. दाखवायचा पत्ता तीन सेकंद स्थिर धरा. स्वतःचे चित्र पडद्यावर उलटे, आरशातल्यासारखे दिसते, पण समोरच्यांना ते सरळच दिसत असते. म्हणून 'डावीकडची गड्डी' असे न म्हणता 'खिडकीकडची' किंवा 'चहाच्या कपाजवळची' असे म्हणा.

पहिला खेळ: प्रत्येकाच्या घरी तोच चमत्कार

हा खेळ ज्या तत्त्वावर चालतो ते अमेरिकन जादूगार बॉब हमर याने १९४० च्या दशकात पत्त्यांच्या जादूत आणले. आधी एका कागदावर लिहा: 'पाच पत्ते उघडे. पाचही एकाच रंगाचे.' घडी घालून तो कागद सगळ्यांना दिसेल असा ठेवा. मग एकेक सूचना द्या आणि प्रत्येक सूचनेनंतर थांबा.

१. कॅटमधून बदाम-चौकटचे कोणतेही पाच आणि इस्पिक-किल्वरचे कोणतेही पाच पत्ते काढायला सांगा. नुसते 'लाल' म्हणू नका. गुजराती घरांत 'लाल' म्हणजे बदाम आणि 'काळी' म्हणजे इस्पिक, त्यामुळे काका पाच बदामच शोधत बसतील.

२. एक लाल, एक काळा असे आळीपाळीने लावून घ्या. 'रंग नीट मिसळलेले असावेत म्हणून' एवढे कारण पुरते. प्रत्येकाला पंखा करून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा आणि दहाच्या दहा मोजा. ही तपासणी कधीही गाळू नका.

३. गड्डी पालथी हातात धरा. वरचे दोन पत्ते एकत्र उचलून, जणू एकच जाड पत्ता आहे असे उलटून पुन्हा वर ठेवा.

४. गड्डी काटा: वरचे काही पत्ते एकत्र उचलून खाली घाला. किती ते ज्याचे त्याने ठरवावे.

५. तिसरी आणि चौथी पायरी हवी तितक्या वेळा करा. इथे घाई नको. कुणी चार वेळा करील, कुणी पंधरा. 'अजून करायचं आहे का?' असे प्रत्येकाला नाव घेऊन विचारा. काय उघडे आणि काय पालथे, याचा पत्ता आता खुद्द करणाऱ्यालाही नसतो, आणि खेळाची सारी गंमत या गोंधळात आहे.

६. पत्ते जसे असतील तसे, न उलटता, एक इकडे एक तिकडे असे दोन गड्ड्यांत वाटा.

७. कोणतीही एक गड्डी अखंड उलटून दुसरीवर ठेवा आणि पत्ते पसरा.

प्रत्येक घरी पाच पत्ते उघडे असतील, आणि पाचही एकाच रंगाचे. मावशीकडे लाल, काकांकडे काळे असे होऊ शकते आणि तेच जास्त छान दिसते. सगळ्यांनी पत्ते कॅमेऱ्यासमोर धरले की मगच कागद उघडा.

हे घडते ते असे. सुरुवातीला समजा सगळे लाल विषम जागांवर आहेत, काळे सम जागांवर. जोडी उलटताना पत्त्याची बाजू बदलते, आणि त्याच वेळी तो समवरून विषमवर किंवा विषमवरून समवर जातो. काटल्याने बाजू बदलत नाही. जागा सरकतात, पण सगळ्यांच्या सारख्याच. त्यामुळे लाल आणि काळ्यांमधला फरक आत कायम राहतो, आणि शेवटी एक गड्डी उलटली की तो डोळ्यांना दिसतो.

बिघाड ठरलेल्या जागी होतो. दोन पत्ते वेगवेगळे, जागच्या जागी उलटले तर जागा बदलत नाही आणि हिशेब मोडतो. 'काटा' ऐकून कुणी पिसायला लागले तरी मोडतो. लहान मुले हमखास पिसतात, म्हणून ही क्रिया आधी आपल्या पत्त्यांवर दोनदा दाखवा. जुन्या कॅटमध्ये दोन पत्ते चिकटून अकरा झाले तरी खेळ बसत नाही, कारण पत्त्यांची संख्या सम हवी. एखाद्याचे चुकले तर तिथे रेंगाळू नका. ज्यांचे बरोबर आले त्यांचे पत्ते आधी दाखवा आणि चुकलेल्याला दुसऱ्या खेळात पुढे घ्या.

दुसरा खेळ: ज्याच्याकडे कॅटच नाही त्याच्यासाठी

वसतिगृहातल्या मुलाकडे पत्ते नसतात. त्याच्यासाठी तुमचा कॅट आणि वरचा कॅमेरा पुरे. कॉलआधी वरून दहाव्या जागी किल्वरची सत्ती ठेवा. कॉल सुरू होण्यापूर्वीच मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'किल्वरची सत्ती' असा आवाजी निरोप पाठवा आणि तो अजून ऐकू नका असे सांगा. लिहिलेला निरोप १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आवाजी निरोप बदलता येत नाही, शिवाय पाठवल्याची वेळ शेजारीच दिसते.

मुलाला १० ते १९ मधला कोणताही आकडा मागा. तो तोंडी न घेता चॅटवर लिहून घ्या, कारण खराब आवाजात 'सतरा' आणि 'अठरा' सारखेच ऐकू येतात. समजा १७ आला. पालथे सतरा पत्ते एकेक करून टेबलावर वाटा. आता १ आणि ७ मिळून ८, म्हणून वाटलेल्या ढिगाचे वरचे आठ पत्ते एकेक करून हातातल्या कॅटवर परत ठेवा. कॅटचा सगळ्यात वरचा पत्ता उलटा: किल्वरची सत्ती. १० ते १९ मधल्या कोणत्याही संख्येतून तिच्या अंकांची बेरीज वजा केली की ९ उरतात, म्हणून मूळचा दहावा पत्ताच वर येतो. २० चालत नाही, तिथे १८ उरतात. आठ पत्ते झुबक्याने उचलून ठेवले तर क्रम उलटत नाही आणि भलताच पत्ता निघतो.

पत्ता दाखवल्यावर तुम्ही गप्प बसा. बाकीच्यांचे माइक बंद करा आणि मावशीला निरोप फोनच्या स्पीकरवर लावायला सांगा. दुसऱ्यांदा कराल तर दुसराच आकडा सांगूनही तीच सत्ती येईल आणि गुपित फुटेल, म्हणून कितीही आग्रह झाला तरी हा खेळ एका बैठकीत एकदाच करा.