कमांड प्रॉम्प्टवर सी प्रोग्राम कंपाइल करताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं मराठी शाळेतून इंजिनिअरिंगला जातात आणि पहिल्याच वर्षी सी समोर येतं. त्यांनी कोड एडिटरमधलं 'रन'चं बटण दाबण्याआधी कंपाइल करणं, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणं, कमांड प्रॉम्प्टवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) हाताने करून बघावंच.

विंडोजवर जीसीसी हा सीचा कंपायलर टाकून त्याचं बिन फोल्डर पाथमध्ये (विंडोज कमांड जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) जोडा. कमांड प्रॉम्प्ट आधीच उघडा असेल तर बंद करून पुन्हा उघडा; जुन्या खिडकीला नवा पाथ कळत नाही.

नोटपॅडमध्ये प्रोग्राम लिहून डॉट सी नावाने सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर डॉट सीच्या पुढे डॉट टीएक्सटी चिकटतं. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि सलग ठेवा. देवनागरी नावावर कंपायलर अनेकदा अडतो, आपल्याकडे हे फार होतं.

सीडी या फोल्डर बदलायच्या कमांडने आपल्या फोल्डरमध्ये जा. ड्राइव्ह वेगळा असेल तर सीडीनंतर स्लॅश डी लावा. मग क्रमाने जीसीसी, फाइलचं नाव, डॅश ओ आणि प्रोग्रामचं नाव. शेवटी डॅश वॉल (डब्ल्यू कॅपिटल) जोडा, इशारे दिसतात.

'अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन' आलं तर मेनचं (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनचं) स्पेलिंग चुकलंय किंवा फाइल सेव्हच केलेली नाही. 'परमिशन डिनाइड' आलं तर बहुधा जुना प्रोग्राम अजून चालू आहे. कंट्रोल सीने थांबवा.