डक्टलेस की सेंट्रल एसी? अमेरिकेत घर घेतल्यावर या चुका टाळा

मे महिना लागला की फोन सुरू होतात. "घर घेतलंय, मशीन जुनं आहे, मिनी-स्प्लिट (भिंतीवरचं डक्टलेस) बसवू की सेंट्रल?" मी उलट विचारतो, घरात डक्ट, म्हणजे थंड-गरम हवा खोल्यांत नेणारे मार्ग, आहेत का, आणि असले तर कुठून गेलेत? बहुतेकांना सांगता येत नाही. ब्रँड मात्र तिघांनी तीन ठरवलेले असतात.

न्यू जर्सीत आपली माणसं साधारण दोन तऱ्हेची घरं घेतात. एक एडिसन, साउथ ब्रन्स्विककडची ऐंशी-नव्वदच्या दशकातली कलोनिअल धाटणीची घरं, ज्यांत गॅस फर्नेस (गॅसवर हवा तापवणारं मशीन) आणि डक्ट आहेत. दुसरी हायलंड पार्क, मटचनकडची जुनी घरं, जिथं खोल्या तापवणारे रेडिएटर आहेत आणि डक्ट नाहीतच. पहिल्या घरातले धडधाकट डक्ट सोडून प्रत्येक भिंतीवर युनिट टांगणं मला पटत नाही. दुसऱ्या घरात कपाटं आणि छत फोडून डक्ट कोंबणं तर त्याहून नाही. निर्णयाचा मोठा भाग इथंच होतो.

आणि हीट पंप म्हणजे भिंतीवरचा डबा हा समज आधी काढून टाका. हीट पंप सेंट्रलही असतो, तुमच्याच डक्टवर चालतो, उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देतो.

"मोठंच घेऊ, गणपतीला पन्नास माणसं येतात"

ही चूक बघून मी खरंच थकलोय. गणपती वर्षातून एकदा येतात, मशीन रोज चालतं.

१ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. एडिसनमधल्या एका मित्राचं घर १,९०० चौरस फुटांचं. कंत्राटदाराने बाहेरून एक फेरी मारली, ५०० फुटांना एक टन असा तोंडी हिशेब केला आणि जुन्या ३ टनीच्या जागी ४ टनी बसवून गेला. जुलैत वहिनींचा फोन आला, "भाऊजी, घर गार आहे, पण पापड तळून ठेवले की तासाभरात सादळतात. रात्री पांघरूण घेऊनही अंग चिकट लागतं."

हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, घेऊन गेलो. तापमान ७१ फॅरनहाइट, आर्द्रता ६८ टक्के. मशीन सात मिनिटं चालायचं आणि थांबायचं. हवेतली वाफ आतल्या थंड कॉइलवर (नळ्यांच्या जाळीवर) जमून, ओघळून ट्रेमध्ये उतरायला मशीन बराच वेळ सलग चालावं लागतं. सात मिनिटांत कॉइल जेमतेम ओली होते. त्यात थर्मोस्टॅटवर पंखा "ऑन" ठेवलेला. मशीन थांबलं की तोच पंखा कॉइलवरचा ओलावा वाळवून पुन्हा खोल्यांत सोडायचा.

मग ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, चढलो. रिटर्न डक्टचा (खोल्यांतली हवा मशीनकडे परत नेणाऱ्या डक्टचा) एक सांधा हात जाईल एवढा उघडा. ॲटिकमधली तापलेली दमट हवा तिथून थेट आत ओढली जात होती. सांध्यावर राखाडी कापडी टेप होती, सुकून सुटलेली. नावात "डक्ट" आहे म्हणून लोक ती डक्टला लावतात, पण त्या उष्णतेत तिचा गोंद टिकत नाही. सांध्याला मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवणारा घट्ट लेप, लावा, ब्रशने, पाच सेंटच्या नाण्याइतकं जाड. हात बरबटतात, वेळ लागतो, पण मी दुसरं काही लावत नाही.

आम्ही दोघांनी दोन शनिवार घालून सांधे भरले, पंखा "ऑटो"वर आणला आणि ब्लोअरचा, म्हणजे त्याच पंख्याचा, वेग उतरवून घेतला. आर्द्रता ५५ टक्क्यांवर आली. नंतर मित्राने "मॅन्युअल जे" नावाच्या पद्धतीने हिशेब करून घेतला. त्यात प्रत्येक खोलीच्या खिडक्या, त्यांची दिशा, इन्सुलेशन, फटीतून शिरणारी हवा असं सगळं धरतात. उत्तर आलं अडीच टन! ४ टनी मशीन अजून तिथंच आहे, कारण नवंकोरं मशीन दुसऱ्याच वर्षी कोण काढणार?

म्हणून माझा नेम ठरलेला आहे. जो कंत्राटदार हा हिशेब कागदावर दाखवत नाही, त्याला मी दुसऱ्यांदा बोलावत नाही, भाव कितीही कमी असो. तीन कोटेशनं आणून सर्वांत स्वस्त निवडलं की अभ्यास झाला, असं समजणारे फार भेटतात. तिन्ही कोटेशनांत टनेज अंदाजानेच लिहिलेलं असतं.

प्रत्येक खोलीला एक हेड

हेड म्हणजे भिंतीवर टांगलेलं आतलं युनिट. डक्टलेसवाल्यांची ही लाडकी चूक. बोस्टनजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या घरी बाहेर ३६,००० बीटीयूचं एकच युनिट आणि आत पाच हेड बसवले. कागदावर छान दिसतं. पण अशी कित्येक युनिटं १०-१२ हजार बीटीयूच्या खाली उतरूच शकत नाहीत, आणि रात्री एका बंद बेडरूमला दोन-तीन हजार पुरतात. मग मशीन सारखं चालू-बंद होतं, आणि मशीनचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टरसाठी मोजलेले पैसे वाया जातात. हिवाळ्यात तर तिच्या बंद ठेवलेल्या खोल्याही तापायच्या, कारण हीटिंग चालू असताना बंद हेडमधूनही थोडं रेफ्रिजरंट (नळ्यांतून उष्णता वाहून नेणारा गॅस) वाहतं राहतं. तिला वाटलं रिमोट बिघडला.

मी सांगतो ते असं. बैठकीच्या खोलीसाठी एक हेड आणि त्याचं स्वतःचं बाहेरचं युनिट. तिन्ही बेडरूम मिळून छतात लपवलेलं एक छोटं डक्टेड युनिट, आखूड डक्टवर, तेही इन्सुलेशनच्या आतल्या भागात, तापलेल्या ॲटिकमध्ये नाही. पाचऐवजी दोनच मशीनं होतात आणि देखभालही दोन्हींचीच.

बाकीच्या चुका, थोडक्यात

माहितीपत्रकावरची हीटिंगची क्षमता सहसा बाहेर ४७ फॅरनहाइट असतानाची असते. तुम्ही ५ अंशांचा आकडा मागा.

हीट पंप असेल तर थर्मोस्टॅट रात्री आठ-दहा अंश उतरवू नका. सकाळी ते भरून काढायला मशीनमधली हीटरची विजेची पट्टी पेटते आणि वाचवलेलं बरंचसं तीच खाते.

बाहेरचं युनिट नवं आणि आतली कॉइल जुनी, असला सौदा नको. २०२५ पासून नव्या घरगुती मशीनांत आर-४१०ए हे रेफ्रिजरंट जाऊन आर-३२ किंवा आर-४५४बी आलं आहे, जोडी जुळलीच पाहिजे.

हीट पंपावरची अमेरिकी केंद्र सरकारची २,००० डॉलरपर्यंतची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. कोणी अजून ती धरून हिशेब मांडत असेल तर कोटेशन परत करा.

नळ्या जोडल्यावर नायट्रोजनने दाब तपासला का, आतली हवा उपसून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली गेलं का, हे मी शेजारी उभा राहून मीटरवर बघतो. कंत्राटदार घाई करतो, मी हलत नाही. पुढे गॅस गळते ती बहुधा घाईत आवळलेल्या फ्लेअरमधूनच, म्हणजे नळीच्या जोडातूनच.

युनिट थेट जमिनीवर ठेवू नका, स्टँडवर चढवा. बर्फात गाडलेला हीट पंप श्वास कुठून घेणार?

शेवटची गोष्ट इथले कंत्राटदार सांगत नाहीत, कारण त्यांच्या घरी रोज फोडणी होत नाही. स्वयंपाकघराच्या समोर हेड लावू नका. तेलाचा धूर आत जातो, पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसतो, त्यावर धूळ, आणि दोन वर्षांत हेडमधून हिंग-मोहरीचा शिळा वास येतो. चुलीवरचा हूड धूर घराबाहेर टाकणारा असावा, पुन्हा घरात फिरवणारा चालत नाही. हेडची जाळी मी दर दुसऱ्या रविवारी काढतो, कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुतो आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच परत बसवतो.